मिश्रधातूंवरील उच्चवेगी आघात व खानदेश

मिश्रधातूची एखादी वस्तू अत्यंत वेगाने दुसऱ्या वस्तूवर आदळली किंवा दुसरी वस्तू तिच्यावर आदळली, म्हणजे तिच्या आकारात होणारा बदल (विरूपण) व तिचा होणारा भंग हे सावकाश वाढविलेल्या भाराखाली घडणाऱ्या विरूपणापेक्षा व भंगापेक्षा निराळे असतात. नेहमीच्या ताण-चाचणीत धातूची पट्टी मिनिटे-दोन मिनिटे ओढली जाते व तिची लांबी सेकंदाला मूळ लांबीच्या सु. एक हजारांश भागाने वाढते. बंदुकीची गोळी पोलादी पत्र्यावर आदळते तेव्हा विरूपणाचा हा वेग दहा लाख ते दहा कोटी पटींनी जास्त असतो. अशा वेळी धातूच्या अंगी नेहमी आढळणारे बल, चिवटपणा व कठिनता यांची कोष्टके अपुरी पडतात. चिवट समजलेला धातू ठिसूळ वस्तूसारखा फुटतो, तर घन समजलेला धातू द्रवासारखा वाहतो.

या विषयाचे शास्त्र मुख्यतः यूरोप व अमेरिकेत वाढले. तथापि ज्या घडामोडींतून त्याची गरज निर्माण झाली त्यांपैकी बऱ्याच खानदेशच्या भूमीवरही घडलेल्या आहेत. १८१८ मध्ये येथील गढ्या व किल्ले तोफगोळ्यांचे लक्ष्य होते. स्वातंत्र्यानंतर याच प्रदेशात भुसावळ (१९४९) व वरणगाव (१९६४) येथे आयुध निर्माणी उभ्या राहिल्या आणि आघात सोसणाऱ्या व आघात करणाऱ्या मिश्रधातूंचे काम येथील कामगारांच्या नित्याच्या व्यवसायाचा भाग बनले. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे दोन जिल्हे अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

तोफगोळे व तटबंदी : महिदपूरच्या लढाईनंतर (२१ डिसेंबर १८१७) होळकरांशी जानेवारी १८१८ मध्ये मंदसोर येथे झालेल्या तहान्वये खानदेशातील होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे आला. सर टॉमस हिस्लॉप हा दक्षिणेकडे परतत असता २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यातून त्याच्या सैन्यावर गोळीबार झाला. हिस्लॉपजवळ त्या वेळी हलक्या मैदानी तोफाच होत्या. तट पाडण्याची त्यांची कुवत नव्हती, म्हणून किल्ल्याच्या दरवाजांकडे मोर्चा वळविण्यात आला. आतील दरवाजाशी बोलणी चालू असता झालेल्या गोंधळात काही इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर किल्ल्यातील सु. तीनशे लोकांची कत्तल करण्यात आली आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. या फाशीबद्दल पुढे इंग्लंडमध्येही प्रश्न उपस्थित झाले.

मालेगावच्या वेढ्यात (मे-जून १८१८) तोफगोळ्यांच्या मर्यादा अधिक स्पष्टपणे दिसून आल्या. मालेगाव त्या वेळी खानदेशात मोडत असे (१८६९ मध्ये ते नासिक जिल्ह्यात गेले). नारोशंकर राजेबहाद्दर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या येथील भुईकोट किल्ल्यात अरब शिबंदी होती. इंग्रजांजवळ भारी तोफा व दारूगोळा अपुरा होता. तटाला पाडलेले खिंडार पुरेसे नसताना मेअखेरीस केलेला हल्ला फसला व मोठी हानी झाली. पुढे नव्या तोफा आल्यावर ११ जून रोजी स्फोटक गोळे किल्ल्यातील दारूच्या कोठारावर पडले. कोठार उडून तटाचा भाग कोसळला व त्यानंतर शिबंदी शरण आली. भरीव गोळ्यांना जे महिन्याभरात जमले नाही ते कोठारातील दारूने क्षणात केले.

याचे कारण गोळ्याच्या धातूत व तटाच्या द्रव्यात शोधावे लागते. त्या काळचे गोळे ओतीव लोखंडाचे (बिडाचे) असत. बिडात ३ ते ४ टक्के कार्बन असतो व त्याचा बराचसा भाग ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे पापुद्रे धातूत आधीच पडलेल्या भेगांप्रमाणे वागतात. म्हणून बीड दाबाखाली उत्तम टिकते, परंतु ताणाखाली फुटते. गोळा दगडावर आदळताच त्यात दाबाचा तरंग निर्माण होतो. हा तरंग गोळ्याच्या मागील मोकळ्या पृष्ठावरून परततो तेव्हा त्याचे ताणाच्या तरंगात रूपांतर होते व गोळा तडकतो. १८ पौंडी (सु. ८ किग्रॅ.) गोळ्याचा वेग आदळताना सेकंदाला ४०० मी. धरल्यास त्याची गतिज ऊर्जा सु. ६.४ लाख जूल भरते. दख्खनच्या कठीण काळ्या दगडावर यातील पुष्कळशी ऊर्जा गोळा व दगड यांचे कपचे उडविण्यात खर्ची पडते. खानदेशातील अनेक गढ्या पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींच्या होत्या. अशा भिंतीत गोळा रुतून बसतो, आघाताचा काल लांबतो व बलाचे कमाल मूल्य कमी होते. मऊ माती दगडापेक्षा तोफेला अधिक दाद देत नसे, या जुन्या अनुभवामागील कारण हेच होय.

तोफेच्या नळीच्या बाबतीतही मिश्रधातूची निवड जिवावर बेतणारी असे. सु. ९० टक्के तांबे व १० टक्के कथिल असलेले तोफेचे काशे तन्य असते. दाब अति झाल्यास नळी फुगते व गोलंदाजास धोक्याची सूचना मिळते. बिडाची नळी कोणतीही पूर्वसूचना न देता फुटते. महाग असूनही काशाच्या तोफा दीर्घकाळ पसंत केल्या जात त्या यामुळेच. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली व पुढे विजापुरास नेलेली मुलूख-मैदान तोफ काशाचीच आहे. सतत मारा केल्यावर मात्र काशाची नळी तापून मऊ पडते व तिचा कान्याजवळचा भाग आणि अंतर्भाग झिजतो. हा तिचा मोठा दोष होता.

शिशाची गोळी : १८२५ मध्ये जेम्स उट्रम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला. धरणगाव (जि. जळगाव) हे तिचे ठाणे होते. तीरकमठा ज्यांचे परंपरागत शस्त्र त्या भिल्लांच्या हाती कंपनीच्या बंदुका आल्या. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यातील अंबापाणी येथे भीमा नायक व खाज्या नायक यांच्या भिल्ल अनुयायांशी इंग्रज फौजेची लढाई झाली. या काळापर्यंत गोळीचा धातू शिसे हाच होता.

शिशाचे गुण आघाताच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. ते जड (घनता सु. ११.३), मऊ व सहज वितळणारे (३२७° से.) आहे. बहुतेक धातू ठोकले असता कठीण होतात. शिशाचे स्फटिक मात्र नेहमीच्या तापमानालाच पुन्हा नव्याने तयार होतात, म्हणून ते ठोकूनही कठीण होत नाही. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीत या मऊपणाचा बुद्ध्याच उपयोग केलेला होता. गोळीचा मागील पोकळ भाग दारूच्या दाबाने फुगून नळीतील सर्पिल खाचांत घट्ट बसे व गोळीस स्वतःभोवती फिरण्याची गती मिळे. याच बंदुकीच्या कागदी काडतुसांना लावलेली चरबी १८५७ च्या उठावाचे एक निमित्त ठरली.

शिशाच्या गोळीची मर्यादा साध्या गणिताने दाखविता येते. नेहमीच्या तापमानाचे एक किलोग्रॅम शिसे पूर्ण वितळविण्यास सु. ६४ हजार जूल ऊर्जा लागते. सेकंदाला सु. ३६० मी. वेगाने जाणाऱ्या शिशात इतकी गतिज ऊर्जा असते. ही सर्व ऊर्जा गोळीतच उष्णतेच्या रूपाने राहिली, तर गोळी वितळावी. प्रत्यक्षात ऊर्जेचा काही भाग लक्ष्यात जातो. तरीही कठीण लक्ष्यावर शिशाची गोळी चकतीसारखी पसरते व तिचे थेंब उडतात. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्ह्येय यांनी निर्धूर दारू तयार केल्यावर गोळ्यांचे वेग सेकंदाला ६०० मी. च्या पुढे गेले व उघडे शिसे नळीच्या खाचांतच खरवडले जाऊ लागले. यावर स्वित्झर्लंडमधील एडुआर्ट रुबिन यांनी १८८२ च्या सुमारास सुचविलेला तांब्याच्या आवरणाचा उपाय सर्वत्र स्वीकारला गेला.

आवरणामुळे गोळीचे विरूपण आटोक्यात आले. तथापि वायव्य सरहद्दीवरील मोहिमांत अशा गोळीने शत्रू पुरेसा जायबंदी होत नाही, अशी तक्रार ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केली. त्यावरून कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात टोकाचे आवरण काढलेली गोळी तयार करण्यात आली. शरीरात शिरताच तिचे टोक छत्रीसारखे उमलते व भयंकर जखम करते. १८९९ च्या हेग परिषदेत मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपटणाऱ्या गोळ्यांस बंदी घालणारी घोषणा झाली. ब्रिटनने ती १९०७ मध्ये मान्य केली. मिश्रधातूच्या विरूपणावर आंतरराष्ट्रीय कायद्याने घातलेले हे बंधन होय. लष्करी गोळीचे आवरण अखंड असावे लागते त्यामागे यंत्रशास्त्राइतकेच हे बंधनही आहे.

पितळी काडतूस : गोळीबाराच्या क्षणी सर्वांत बिकट परीक्षा गोळीची नसून काडतुसाच्या टोपणाची असते. दारू पेटल्यावर एक सहस्रांश सेकंदाच्या आसपासच्या कालात टोपणातील दाब वातावरणीय दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक होतो. टोपण फुगून बंदुकीच्या कोठीच्या भिंतीस टेकते व वायू मागे येऊ देत नाही. गोळी बाहेर पडून दाब उतरताच टोपण कोठीपासून सुटून बाहेर यावे लागते. ते अडकले तर बंदूक निरुपयोगी होते. जानेवारी १८८५ मध्ये सुदानमधील अबू क्ली येथील लढाईत मार्टिनी-हेन्‍री बंदुकांची पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली काडतुसे तापलेल्या व धुळीने भरलेल्या कोठीत अडकून बसली आणि ऐन चकमकीत सैनिक निःशस्त्र झाले. त्यानंतर अखंड पितळेपासून ओढून काढलेल्या टोपणांचा आग्रह धरला गेला.

या कामासाठी ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ सर्वोत्तम ठरले. त्याची कारणे दोन आहेत. या पितळेच्या स्फटिकांची रचना पृष्ठकेंद्रित घनीय असते. अशा रचनेत अणूंचे थर एकमेकांवरून घसरण्यास अनेक दिशा मोकळ्या असतात, म्हणून आघात कितीही जलद असला तरी किंवा थंडी कितीही असली तरी ते एकाएकी ठिसूळ होत नाही. पिंडकेंद्रित रचनेच्या साध्या पोलादास ही हमी देता येत नाही. दुसरे कारण परत आकुंचन पावण्याचे आहे. टोपण किती आकुंचन पावेल हे त्याच्या धातूचे उतार-प्रतिबल (ज्यापुढे कायम विरूपण सुरू होते ते प्रतिबल) भागिले स्थितिस्थापकता गुणांक या गुणोत्तरावर अवलंबून असते. पितळेचा गुणांक पोलादाच्या सु. निम्मा आहे. म्हणून ठोकून कठीण केलेले पितळ पोलादी कोठीपेक्षा अधिक मागे सरते व सुटते. पितळ मऊ राहिले तर टोपण कोठीस चिकटते आणि वाजवीपेक्षा कठीण झाले तर तडकते.

भारतातील हवामानाने या पितळेचा आणखी एक दोष उघड केला. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठविली असता कोणताही भार नसताना त्यांच्या मानेवर लांबट भेगा पडत. हा प्रकार ऋतुमानाशी निगडित दिसल्यामुळे त्यास ऋतुजन्य तडकणे असे नाव मिळाले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या इंग्रज संशोधकांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याची मीमांसा केली. टोपण ओढताना धातूत अडकून राहिलेले अंतर्गत ताण आणि घोड्यांच्या मूत्रापासून दमट हवेत पसरलेला अमोनिया या दोहोंच्या एकत्रित परिणामाने पितळ कणाकणांच्या सीमांवरून उकलते. अशी भेग डोळ्यांस दिसली नाही, तरी गोळीबाराच्या आघातात ती क्षणार्धात फाटते. टोपणे कमी तापमानावर तापवून अंतर्गत ताण घालविणे व साठवण कोरडी ठेवणे हे उपाय तेव्हापासून रूढ झाले.

शास्त्रीय अभ्यासाची वाटचाल : उच्चवेगी आघाताचा पहिला नेमका प्रयोग जॉन हॉप्किन्सन यांनी १८७२ मध्ये मँचेस्टर येथे केला. लोंबत्या लोखंडी तारेच्या खालच्या टोकावर वजन आदळू दिले असता तार तुटणे हे वजनाच्या वस्तुमानापेक्षा त्याच्या वेगावर अधिक अवलंबून असते आणि पुष्कळदा तार आघाताच्या जागी न तुटता वरच्या बांधलेल्या टोकाशी तुटते, असे त्यांना आढळले. धातूतून ताणाचा तरंग जातो व तो परावर्तित होऊन दुप्पट होतो, हे यातून दिसून आले. फ्रान्समधील आंरी त्रेस्का यांनी १८७८ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमाची कांब घणाखाली घडविताना तिच्यावर फुलीच्या आकारात तापलेल्या रेषा दिसल्याची नोंद केली. विरूपण व त्यातून निघणारी उष्णता सर्व धातूभर न पसरता अरुंद पट्ट्यांत एकवटते, याचे ते निदर्शक होते.

जॉन यांचे पुत्र बर्ट्रम हॉप्किन्सन यांनी १९१४ मध्ये लांब पोलादी दांड्याच्या साहाय्याने आघाताचा दाब मोजण्याची पद्धत शोधून काढली. जाड पत्र्याच्या एका बाजूवर स्फोट झाला असता पत्रा न भेदला जाताही त्याच्या दुसऱ्या बाजूचा कपचा वेगाने उडतो, याचे स्पष्टीकरणही त्यांनी दिले. मागील पृष्ठावरून परतणारा ताणाचा तरंग तो कपचा तोडतो. चिलखताआडचा मनुष्य गोळी आत न येताही मरू शकतो तो याच कारणाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या अभ्यासास वेग आला. क्लॅरेन्स झेनर व जॉन हॉलोमन यांनी १९४४ मध्ये त्रेस्कांना दिसलेल्या पट्ट्यांची मीमांसा केली. आघात इतका जलद असतो, की निर्माण झालेली उष्णता आजूबाजूस पसरण्यास अवधी मिळत नाही. तापलेला पट्टा मऊ होतो, मऊ झाल्याने त्यातच अधिक विरूपण होते व तो आणखी तापतो. जी. आय्. टेलर यांनी सपाट टोकाचा धातूचा दंड कठीण भिंतीवर मारून त्याच्या उरलेल्या लांबीवरून धातूचे आघातकालीन बल काढण्याची रीत १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी हॉप्किन्सन यांच्या दांड्याचे दोन भाग करून त्यांमध्ये नमुना धरण्याची पद्धत रूढ केली. ती आजही जगभर वापरली जाते. १९८३ मध्ये गॉर्डन जॉन्सन व विल्यम कुक यांनी विकृती, विकृतीचा वेग व तापमान यांवरून धातूचे बल सांगणारे सूत्र बारा धातूंसाठी मांडले. त्या बारांत काडतुसाच्या पितळेचा समावेश आहे.

सूक्ष्म पातळीवर या वर्तनाचे कारण स्फटिकांतील रेषारूप दोषांच्या (स्थानभ्रंशांच्या) हालचालीत आहे. सावकाश भारात या दोषांना अडथळे ओलांडण्यास अणूंच्या औष्णिक कंपनांचे साहाय्य मिळते. आघातात तितका अवधी नसल्यामुळे अधिक प्रतिबल लागते. म्हणून बहुतेक धातू वेगाबरोबर अधिक बळकट भासतात. दोषांची हालचाल मुळीच पुरी पडेनाशी झाली, म्हणजे भेग विरूपणाच्या पुढे धावते व ठिसूळ भंग होतो. वेग सेकंदाला काही किलोमीटर झाल्यास धातूचे बल आघातदाबापुढे नगण्य ठरते व तो द्रवासारखा वागतो. जळगावच्या शेजारील बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे अशनिपाताने बेसाल्टात निर्माण झालेले सु. १.८ किमी. व्यासाचे विवर हे अशा वेगाच्या आघाताचे उदाहरण होय. तेथे आघाताने खडक भरडला व अंशतः वितळला.

भुसावळ व वरणगाव : मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ येथे नागपूरकडे व उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गांत विभागला गेल्याने या स्थानाला महत्त्व आले. भुसावळ आयुध निर्माणी १९४९ मध्ये सुरू झाली. दारूगोळा सुरक्षित ठेवण्याच्या धातूच्या पेट्या व आवेष्टने हे तिचे दीर्घकाळचे उत्पादन आहे. वाहतुकीतील हादरे, पेटी पडल्यास बसणारा आघात व पावसाळी दमटपणा यांपासून आतील काडतुसे वाचविणे हा या पेट्यांचा उद्देश. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर शस्त्रास्त्रांचे देशी उत्पादन वाढविण्याची निकड भासली. त्या सुमारास, १९६४ मध्ये, भुसावळ तालुक्यातील वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याची निर्माणी स्थापन झाली. ७.६२ मिमी. व ५.५६ मिमी. व्यासाची काडतुसे ही तिची प्रमुख उत्पादने होत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून ४१ निर्माणी सात सरकारी कंपन्यांत विभागण्यात आल्या. तेव्हा वरणगाव निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड (मुख्यालय पुणे) हिच्याकडे व भुसावळ निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेड (मुख्यालय नागपूर) हिच्याकडे गेली.

पितळी टोपणाची घडण तांबटाच्या कलेशी नाते सांगते. पितळी पत्र्यातून कापलेल्या चकतीची प्रथम वाटी करतात. ही वाटी क्रमाक्रमाने अरुंद साच्यांतून दाबून लांब नळी बनविली जाते. प्रत्येक ओढीत पितळ कठीण होते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते (अनुशीतन). भांडे ठोकणारा तांबट ते पुनःपुन्हा भट्टीत धरतो त्याचे कारण हेच. शेवटी बूड ठोकून कठीण करतात व मान तापवून मऊ ठेवतात. त्यामुळे एकाच टोपणात तीन प्रकारचे पितळ नांदते. बूड दाब सोसण्यासाठी कठीण, मधला भाग परत सरण्यासाठी मध्यम व मान फुगून वायू अडविण्यासाठी मऊ असते. लष्करी काडतुसाच्या मानेवर दिसणारी निळसर झाक या शेवटच्या अनुशीतनाची खूण असते. गोळीच्या आवरणास सु. ९० टक्के तांबे व १० टक्के जस्त असलेली तांबूस मिश्रधातू वापरतात. आतील गाभा शिशात थोडे अँटिमनी मिसळून कठीण केलेला असतो. ५.५६ मिमी.च्या प्रचलित गोळीच्या टोकाशी पोलादाचा लहान तुकडाही असतो.

७.६२ मिमी. रायफलीची सु. ९.५ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदाला सु. ८४० मी. वेगाने नळीतून बाहेर पडते. तिची ऊर्जा सु. ३,३५० जूल असते. दर किलोग्रॅममागे हे प्रमाण शिसे वितळविण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या साडेपाच पट भरते. इतकी ऊर्जा असलेली वस्तू लक्ष्यापर्यंत अखंड पोहोचते ती आवरणामुळे. प्रत्येक घाण्यातील काडतुसे निवडून त्यांची कठिनता, दाब, वेग व अचूकता तपासली जाते. दारूचा दाब तापमानाबरोबर वाढत असल्याने उष्ण व शीत अशा दोन्ही स्थितींत चाचण्या घ्याव्या लागतात. उन्हाळ्यात ४५° से. च्या वर जाणारे जळगाव-भुसावळकडील तापमान पाहता या चाचणीचे महत्त्व स्थानिक वाचकास निराळे सांगावयास नको.

लक्ष्यातील भंगाचे प्रकार : गोळी पत्र्यावर आदळल्यावर पत्रा कोणत्या रीतीने हार खाईल हे गोळीच्या टोकाचा आकार, पत्र्याची जाडी व त्याची कठिनता यांवर ठरते. पातळ, तन्य पत्रा मागील बाजूस फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे फाटतो. जाड व मऊ पत्र्यात अणकुचीदार गोळी धातू बाजूस सारीत भोक पाडते. कठीण पत्र्यात बोथट गोळीपुढील धातूचा बूचासारखा तुकडा अरुंद तप्त पट्ट्यांवरून कापला जाऊन बाहेर पडतो. यास बूच-भंग म्हणतात व यात ऊर्जा सर्वांत कमी शोषली जाते. अतिकठीण पत्रा काचेसारखा तडकतो. म्हणून चिलखताचे पोलाद नुसते कठीण असून चालत नाही. कठिनता व चिवटपणा यांचा मेळ घालावा लागतो. गोळीरोधक जाकिटांत पुढे कठीण सिरॅमिक व मागे चिवट तंतूंचे थर योजतात, त्याचे तत्त्व हेच आहे. पुढचा थर गोळीचे टोक मोडतो व मागचा थर तुकडे अडवितो. अशा जाकिटांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०१८ मध्ये मानक प्रसिद्ध केले. देशातील या विषयाच्या संशोधनात पुण्याजवळील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था (स्थापना १९५८), चंडीगढ येथील अंत्य प्राक्षेपिकी संशोधन प्रयोगशाळा आणि हैदराबाद येथील संरक्षण धातुवैज्ञानिक संशोधन प्रयोगशाळा यांचा वाटा मोठा आहे.

महत्त्व : थाळनेर व मालेगाव येथे लढणाऱ्यांना गोळा फुटेल की तट, हे अनुभवाखेरीज कळण्याचा मार्ग नव्हता आणि त्या अनुभवाची किंमत माणसांच्या जिवांत मोजली गेली. आज तेच उत्तर कठिनता मोजण्याच्या यंत्रावर, दांड्यातील तरंगावर व गणितात शोधले जाते. तरी त्यातील जोखीम संपलेली नाही. टोपणाच्या मानेचे अनुशीतन थोडे चुकले तर सीमेवरील सैनिकाची रायफल ऐन वेळी अडकते व ही चूक त्याला आधी दिसत नाही. ती दिसण्याची एकच जागा म्हणजे निर्माणीतील तपासणीचे मेज होय. वरणगाव व भुसावळ परिसरातील कामगारांच्या पिढ्यांनी हे काम प्रसिद्धीविना केले आहे. मोटारींची टक्कर-सुरक्षा, विमानाच्या एंजिनावर पक्षी आदळणे व कृत्रिम उपग्रहांवर अवकाशातील कचऱ्याचा होणारा मारा या नागरी प्रश्नांतही आता याच ज्ञानाचा उपयोग होतो. धातू केव्हा वाकेल व केव्हा तुटेल हे आधी सांगता येणे हा या सर्वांतील समान प्रश्न होय.